एडिंबरा: वर रस्ता, खाली रस्ता आणि मधे मी स्टूल घेऊन

दिवस पहिला, शनिवार

शाईचा पेन विमानात न्यायचा असेल तर तो एकतर काठोकाठ भरलेला हवा नाहीतर पूर्ण रिकामा. अर्धवट भरला असेल तर वर गेल्यावर आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते, हे मला ताईनेच कधीतरी सांगितलं होतं आणि मी अर्थातच विसरलो. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये एअरपोर्टवर नऊ वर्षांनी भेटलेल्या ताईने मिठी मारायच्या आधी माझा काळा पडलेला खिसा बघितला आणि म्हणाली, "सांडलीस ना?" झालं, ओळख पटली.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शाळेत असताना पर्स्पेक्टिव्ह मला तिनेच शिकवलं, भिंतीवर दोन टाचण्या ठोकून त्यांना दोरे बांधून, की बघ सगळ्या रेघा इथे येऊन मरतात. हात तिचा माझ्यापेक्षा चांगला होता हे मी आजही कुणासमोरही कबूल करतो. ती लॅबमध्ये गेली, मी चित्रांत राहिलो. आता ती दिवसभर मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघते आणि चित्र काढत नाही. का नाही असं विचारलं की म्हणते वेळ कुठाय, आणि विषय बदलते. पण डोळा तसाच आहे, त्याचा त्रास पुढे येईलच.

गाडीत भाचीबाई (वय वर्षं अकरा) पहिल्या पाच मिनिटांत म्हणाल्या, "मामा, एडिनबर्ग नाही म्हणायचं. एडिंब्रा." बरं बाई, एडिंब्रा. शिवाय एक अट पडली, की या ट्रिपमधल्या प्रत्येक चित्रात एक कुत्रा ती काढणार. मी जेटलॅगमध्ये हो म्हटलं.

घर मार्चमाँट भागात, टेनेमेंट म्हणतात तसल्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात, शंभरेक वर्षं लोक बरोब्बर मधूनच चालत आलेत. स्वयंपाकघरात छताला दोरी-कप्पीवर लाकडी दांड्यांची एक घोडी टांगलेली आहे, तिला पुली म्हणतात, कपडे घातले की दोरी ओढून वर न्यायची आणि मग आपण जेवत असताना दाजींचे मोजे डोक्यावर. रात्री दहा वाजता बाहेर बघितलं तर चक्क उजेड. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. झोप आली नाही आणि चित्रही काढलं नाही.

दिवस दुसरा, रविवार

पहाटे चारला जाग आली तर पुन्हा उजेड! हा उजेड जातो कधी?

मग स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलो. मागच्या बाजूला चारही बाजूंनी इमारतींच्या पाठी आणि मधे सगळ्यांची मिळून एक हिरवळ, तिला बॅक ग्रीन म्हणतात, कपडे वाळत घालायचे खांब रोवलेले. समोरच्या छतावर धुराड्याची रुंद भिंत आणि तिच्यावर ओळीने मातीची नळकांडी, चिमणी पॉट. ती काढायला घेतली. नऊ झाली आणि कंटाळा आला, सोडून दिलं. उठल्यावर दाजी म्हणाले की प्रत्येक शेगडीचा धूर वेगळ्या वाटेने वर जायचा आणि प्रत्येक वाटेला आपलं आपलं नळकांडं, म्हणजे नळकांडी मोजली की पूर्वी त्या इमारतीत शेगड्या किती होत्या ते कळतं. दाजी इंजिनियर आहेत, त्यांना मोजायला आवडतं. मला नाही.

दुपारी मेडोज नावाच्या मोठ्या मैदानात गेलो, झाडांखाली लोक पडलेले, पंधरा-सोळा डिग्रीत लोक उघडे पडलेले, आणि मी जॅकेट घालून. भाचीबाईंनी माझ्या नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन कुत्रे काढले. ते माझ्या झाडांपेक्षा जिवंत आलेत, हे लिहावंच लागेल.

दिवस तिसरा, सोमवार

ताई-दाजी कामावर, भाची शाळेत (इथे शाळा जून संपेपर्यंत चालते), म्हणून एकटाच निघालो. मेडोज ओलांडून मिडल मेडो वॉकने वर, मग ग्रेफ्रायर्स बॉबी त्या छोट्या कुत्र्याचा पुतळा, १८७३ सालचा. लोकांनी नाकाला हात लावून लावून नाक पिवळंधमक करून टाकलंय. भाचीबाईंसाठी त्याचं एक दोन मिनिटांचं स्केच केलं. संध्याकाळी तिने ते नापास केलं, कान चुकले म्हणून.

पुढे रॉयल माइल. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला होलीरूड राजवाडा, आणि मधला रस्ता म्हणजे डोंगराची पाठ, म्हणजे खरोखरच कणा, आणि दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या अरुंद बोळ उतरत जातात, त्यांना क्लोज म्हणतात. काही बोळ इतके अरुंद की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. मी ठरवून आलो होतो की मोठा रस्ता काढायचा, सेंट जाइल्स चर्चचा मुकुटासारखा शेंडा वगैरे. स्टूल मांडलं. समोर एक बॅगपाइपवाला. तासभर त्याने वाजवलं, माझ्या डाव्या कानात अजून वाजतंय, आणि मी त्याचे गाल, टोपी, चौकड्यांचा किल्ट हे सगळं काढून झाल्यावर हातांपाशी आलो तेव्हा नेमका तो ब्रेकला गेला. त्यामुळे चित्रातला बॅगपाइपवाला हात मागे बांधून वाजवतोय.

मग वैतागून अ‍ॅडव्होकेट्स क्लोजमध्ये शिरलो आणि तिथे ट्रिप खऱ्या अर्थाने सुरू झाली. तुम्ही अंधाऱ्या फटीत उभे, खाली तीव्र उताराच्या पायऱ्या, आणि फटीच्या शेवटी उभ्या पट्टीएवढ्या उजेडात स्कॉट मॉन्युमेंटचं (लेखक वॉल्टर स्कॉटचं स्मारक) काळंकुट्ट टोक. वहीचं पान मी नेहमी आडवं धरतो. इथे उभं धरावं लागलं. पानाचा तीन चतुर्थांश भाग दोन्ही बाजूंच्या काळ्या भिंती, मधे बोटभर शहर. मी आयुष्यात पहिल्यांदा चित्रात इतकं काळं टाकलं, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळून, हे दोन रंग एकत्र आले की कागदावर दाणेदार बसतात आणि जुन्या दगडासारखे दिसतात, फुकटात टेक्स्चर.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. इथे रंग वाळत नाही. आपल्या उन्हात रंगाचा एक वॉश म्हणजे पातळ थर टाकला की दुसरा घोळेपर्यंत पहिला वाळून खडखडीत, इथे मी वीस मिनिटं पायरीवर वही मांडीवर उघडी धरून पुजाऱ्यासारखा बसलो होतो. येणारे-जाणारे माझ्यावरून उडी मारून जात होते आणि प्रत्येक जण सॉरी म्हणत होता, खरं तर सॉरी मी म्हणायला हवं होतं.

दिवस चौथा, मंगळवार

व्हिक्टोरिया स्ट्रीट. इंटरनेटवर एडिंबराचं स्केच शोधलंत तर दर दुसरं हेच असतं, लाल-निळ्या-पिवळ्या दुकानांची वळत खाली उतरणारी गल्ली. म्हणून मी काढणार नव्हतो. मग गेलो आणि काढली. १८३० च्या आसपास जुनी वस्ती फोडून हा रस्ता केला, वरच्या जॉर्ज फोर्थ ब्रिजवरून खालच्या ग्रासमार्केटला उतरायला. आणि दुकानांच्या डोक्यावर कठडा लावलेला दुसरा रस्ता आहे, व्हिक्टोरिया टेरेस, म्हणजे खालच्या दुकानाचं छत ही वरच्याची फरसबंदी.

मी खालच्या टोकाला बसून वर बघत काढायला घेतलं आणि पंधरा मिनिटांत सगळं घसरलं. काय चुकतंय कळेना. रस्ता भिंतीसारखा उभा दिसत होता आणि दुकानं बुडणाऱ्या जहाजासारखी तिरकी. संध्याकाळी ताईला दाखवलं. तिने भाजी चिरता चिरता नुसती नजर टाकली आणि म्हणाली, "रस्ता आणि खिडक्या एकाच टाचणीला बांधल्यास तू."

बरोबर! चढाच्या रस्त्याच्या कडा आय लेव्हलच्या, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीच्या रेषेच्या, वरच्या एका बिंदूला जाऊन मिळतात, उताराच्या असतील तर खालच्या, पण इमारतींच्या खिडक्या, पट्ट्या, छज्जे हे सगळं बांधताना ओळंब्यात आणि लेव्हलमध्येच असतं, त्यामुळे त्या रेघा मुकाट आय लेव्हललाच जातात. म्हणजे दोन वेगळ्या टाचण्या. त्यात हा रस्ता वळतो, म्हणजे प्रत्येक दुकानाची आय लेव्हलवर आपली आपली वेगळी टाचणी. मी सपाट गावात वाढलेला माणूस, पंचवीस वर्षं एकच टाचणी वापरत आलोय. म्हटलं मग ताई तू येऊन काढ ना. "कांदा दे इकडे," एवढंच उत्तर.

विशेष म्हणजे जॉर्ज फोर्थ ब्रिज हा पूल आहे हे मला दोन दिवस कळलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना इमारती, नॅशनल लायब्ररीचं दार, कॅफे, पूल कुठाय? मग एका फटीतून खाली वाकून बघितलं तर चार मजले खाली आख्खा दुसरा रस्ता, काउगेट, माणसं, गाड्या, कचऱ्याचे डबे. तुम्ही लायब्ररीत जमिनीवरून शिरता असं वाटतं पण खरं तर वरच्या मजल्यावर शिरता, पुस्तकांचे मजले खाली काउगेटपर्यंत उतरत जातात. तिकडे साउथ ब्रिजचं तर अजून गंमतीचं, एकोणीस कमानींचा पूल, त्यातली एकच कमान दिसते, बाकीच्या सगळ्या इमारतींनी झाकून टाकल्यात. मी काउगेटमध्ये उतरून त्या एका कमानीखालून वर बघत चित्र काढलं. वरून एक बस गेली. कमानीच्या कठड्यावर फक्त तिचा वरचा मजला तरंगत गेल्यासारखा दिसला. या पूर्ण ट्रिपमधलं मला स्वतःला आवडलेलं चित्र हे, आणि इथे येऊन कुणी सेल्फी काढत नाही कारण वास येतो.

बसवरून आठवलं. इथल्या बस कुंकवापेक्षा गडद, वाइनसारख्या लाल आणि पांढऱ्या असतात आणि त्या रंगाचं अधिकृत नाव आहे मॅडर. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण, मुळांपासून रंग काढतात. माझ्या पेटीत रोझ मॅडरची एक ट्यूब गेली चार वर्षं न उघडता पडलीये, फुलं काढायला म्हणून घेतलेली आणि मी काही फुलं काढत नाही. आता अर्धी संपली, सगळी बसवर.

दिवस पाचवा, बुधवार

पाऊस. असा नाही की धो धो, हवेतच पाणी आहे आणि तुम्ही त्यातून चालताय असा. पेनातली शाई विमानातच सांडली होती म्हणून काल एका दुकानातून नवी घेतली होती, विचारून घेतली होती, वॉटरप्रूफ आहे ना, हो आहे. आज बसस्टॉपच्या शेडमध्ये बसून प्रिन्सेस स्ट्रीटवरून किल्ला काढला, खरं तर छान जमला होता, त्यावर पाण्याचा एक ब्रश फिरवला आणि अख्खा किल्ला विरघळून बागेत वाहत आला. काय बोलणार. काउगेटचं चित्र नशिबाने आधी पेन्सिलवर आणि नुसत्या रंगात केलं होतं म्हणून वाचलं. बाटली दाजींना देऊन टाकली, ते आता तिने सह्या करतात.

चिडचिड घालवायला नॅशनल गॅलरीत घुसलो, ती फुकट आहे. इथे इंग्रज चित्रकार टर्नरची अडतीस वॉटरकलर आहेत, एका संग्राहकाने १९०० साली मृत्युपत्रात दिलेली, आणि अट अशी की वर्षातून फक्त जानेवारीत दाखवायची कारण तेव्हा उजेड सगळ्यात कमी असतो आणि रंग उडत नाहीत. मी आलो जूनमध्ये, जेव्हा उजेड मावळतच नाही. म्हणजे मुहूर्त काढूनच चुकलो.

पण नॅस्मिथ बघितला. अलेक्झांडर नॅस्मिथने १८२५ साली प्रिन्सेस स्ट्रीटवरच उभं राहून रस्त्याचं चित्र केलंय, गॅलरीच्या शेजारचीच इमारत तेव्हा बांधली जात होती, चित्रात दगडाचे ठोकळे पसरलेत, कामगार, बघे, लांब लांब सावल्या, मागे जुनं शहर. चकित करणारी गोष्ट म्हणजे दगड. मधासारखा पिवळा. बाहेर येऊन खरी इमारत बघा, काळपट. मधे दीडशे वर्षांचा कोळशाचा धूर बसलाय, या शहराला ऑल्ड रीकी म्हणजे धुरकट म्हातारी म्हणत ते उगाच नाही. मी आल्यापासून काळ्यावर काळं घोटतोय आणि हे सगळं मुळात पिवळं होतं! त्या रात्री मी जुन्या चित्रांवर फार पातळ यलो ऑकर (मातकट पिवळा) फिरवून बघितलं, दोन सुधारली, एक बिघडलं.

स्कॉट मॉन्युमेंट तर सगळ्यात काळं. एकसष्ट मीटर उंच, चर्चचं नुसतं शिखर काढून आणून बागेत ठेवावं तसं दिसतं. स्वच्छ करायचा विचार झाला होता पण दगडालाच इजा होईल म्हणून सोडला. ज्याने डिझाइन केलं तो जॉर्ज मिकल केम्प मुळात सुतार. पायी फिरून फिरून जुन्या गॉथिक चर्चेसची ड्रॉइंग्ज करायचा, कुणी शिकवलं नाही. स्पर्धेत खोट्या नावाने एन्ट्री पाठवली, काम मिळालं, आणि १८४४ मध्ये काम पूर्ण व्हायच्या आधी एका संध्याकाळी कॅनॉलमध्ये बुडून गेला. हे वाचून मी पाऊस थांबल्यावर त्याच्यासमोर तासभर बसलो. सगळे कोनाडे, सगळी टोकं काढायची असा हट्ट धरला आणि अर्ध्यात सोडलं, वरचा अर्धा भाग नुसता सिल्हूट भरला. तोच अर्धा बरा दिसतो. खालच्या अर्ध्यात नुसती शिवणकाम केल्यासारखी टोचाटोची झालीये.

दिवस सहावा, गुरुवार

ताईने सुट्टी घेतली. म्हणाली चल कॅल्टन हिलवर, तिथून सगळं शहर एका नजरेत दिसतं, मोठा पॅनोरमा काढ. मी वहीची जोडपानं मोकळी ठेवली होती यासाठी. वर पोचलो आणि समुद्राकडून हार आला. हार म्हणजे फुलांचा नव्हे, इथे समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात, बहुधा वसंतात आणि उन्हाळ्यात येतो. दहा मिनिटांत किल्ला गेला, मग बाल्मोरल हॉटेलचं घड्याळ गेलं (ते मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, लोकांची ट्रेन चुकू नये म्हणून), मग प्रिन्सेस स्ट्रीट, आणि शेवटी आम्ही दोघं आणि नॅशनल मॉन्युमेंटचे बारा खांब.

ते खांब म्हणजे अथेन्सच्या पार्थेनॉनची कॉपी करायला घेतली होती १८२६ मध्ये, तीन वर्षांनी पैसे संपले, तेव्हापासून तसंच. लोक याला शहराची लाज म्हणायचे. मला तर अर्धवट सोडलेल्या कामाबद्दल प्रचंड आपुलकी आहे, माझ्या वह्या बघा.

शेजारी नेल्सनच्या मनोऱ्यावर एक मोठा गोळा आहे, तो दुपारी एकला खाली पाडायची सोय केली होती, बंदरातल्या जहाजांनी बघून घड्याळ लावावं म्हणून. पण हार आला की गोळा दिसणार कसा, म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून तोफही उडवायला लागले, रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज. हे सगळं ताई मला सांगत होती आणि खरोखर एक वाजला, आणि काहीच दिसत नसलेल्या त्या पांढऱ्यातून धडाम! माझा ब्रश उडाला. कशासाठी तोफ लागते ते इतकं स्वच्छ कधी कळलं नसतं.

चित्र म्हणाल तर जोडपानांवर बारा खांब, डावीकडे. बाकी कोरं. मी काहीतरी भरायला ब्रश उचलला तर ताईने मनगटच धरलं. "आता काही करू नकोस." मी म्हटलं अगं, आख्खं पान पांढरं आहे. म्हणाली, "समोर काय आहे मग?" तिने छत्री धरलेली होती माझ्यावर, चाळीस मिनिटं, स्वतः भिजत. एकदाही कुरकुर नाही, फक्त तिसऱ्या खांबाची जाडी कमी आहे हे दोनदा सांगितलं. खाली उतरताना म्हणाली लॅबमध्ये पण तसंच असतं, नवीन मुलं स्लाइडवर सगळं मोजायला जातात आणि जे बघायचं ते राहतं. मग पुन्हा विषय बदलला.

घरी आल्यावर भाचीबाईंनी त्या कोऱ्या भागात कुत्रा काढायला घेतला. ताई आणि मी एकदम ओरडलो. शेवटी तडजोड म्हणून कुत्र्याची फक्त शेपटी, धुक्यातून बाहेर आलेली.

दिवस सातवा, शुक्रवार

पाय दुखत होते म्हणून नदीकाठचा सोपा दिवस. डीन व्हिलेज, वॉटर ऑफ लीथच्या काठी, पूर्वी इथे पिठाच्या गिरण्या होत्या. शहराच्या मधोमध खड्ड्यात लपलेलं गाव, डोक्यावरून टेलफर्ड या इंजिनियरचा उंच पूल जातो. लाल दगडाची वेल कोर्ट नावाची इमारत १८८० च्या दशकात कामगारांना राहायला बांधली होती, सगळे तीच काढतात, मीही काढली, बरी आली, त्याबद्दल अजून काही लिहिण्यासारखं नाही.

नदीच्या काठाने पुढे सेंट बर्नार्ड्स वेल, पाण्याच्या झऱ्यावर बांधलेला रोमन देवळासारखा गोल मंडप, १७८९ चा. आणि तो डिझाइन कुणी केला तर आपल्या बुधवारच्या नॅस्मिथने! म्हणजे चित्रकार माणूस, नदीकाठी चित्रात काहीतरी कमी वाटलं तर सरळ बांधूनच टाकलं. याला म्हणतात कॉम्पोझिशन.

मग स्टॉकब्रिजला सर्कस लेन, पूर्वीच्या घोड्यांच्या पागांची वळणदार गल्ली, आता फुलांच्या कुंड्या आणि शेवटी सेंट स्टीफन्स चर्चचा मनोरा. तिथे आधीच चार जण स्केच करत बसले होते. एकमेकांच्या वहीत डोकावायचं की नाही यावर आम्ही पाचही जण अर्धा तास अवघडून, मग एका आजींनी आपली वही सरळ माझ्या मांडीवर ठेवली. त्यांनी फक्त दारं काढली होती. पानभर दारं. घर नाही, गल्ली नाही. मी आठवडाभर आख्खं शहर पकडायला धावतोय.

तिथून डंडास स्ट्रीट चढताना मागे वळून बघितलं तर सरळ रस्त्याच्या शेवटी समुद्र आणि पलीकडचा फाइफचा किनारा. हा न्यू टाउन, त्याचा पहिला भाग जेम्स क्रेग नावाच्या तरुण आर्किटेक्टने १७६७ मध्ये आखलेला, सरळ रस्ते, काटकोन, सगळं पट्टीने. म्हटलं वा, इथे माझी जुनी टाचणी चालेल. पण हाही उतार! रस्ता खाली लोळत जातो आणि समुद्र मात्र डोळ्यांच्या रेषेत वर टांगलेला. या वेळी मात्र दोन टाचण्या वापरल्या. जमलं. ताईला फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला, तिच्याकडून हे म्हणजे सुवर्णपदक.

दिवस आठवा, शनिवार

दाजींचा दिवस. साउथ क्वीन्सफेरी, फोर्थ ब्रिज, १८९० चा लाल पोलादी रेल्वे पूल. दाजी त्याच्याबद्दल देवाबद्दल बोलावं तसं बोलतात. १८८७ मध्ये लोकांना तो कसा तोलतो हे कळावं म्हणून इंजिनियरांनी माणसांचंच प्रात्यक्षिक केलं होतं, दोघं खुर्च्यांवर हात पसरून काठ्या धरून बसलेले आणि मधे लटकत्या फळीवर वातानाबे नावाचा जपानी इंजिनियर, त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. भाचीबाईंनी ते तिथल्या धक्क्यावर करूनच दाखवायला लावलं, मी आणि दाजी बाजूला, दोन छत्र्या, मधे भाचीबाई. बाजूंना विटा लागतात तोलायला, आमच्याकडे पाठपिशव्या होत्या. भाचीबाई पडल्या. पूल मी काढला नाही. इतके त्रिकोण मला या जन्मात शक्य नाहीत. भाचीबाईंनी पुलाखालचा कुत्रा काढला, पूल म्हणून तीन X.

दिवस नववा, रविवार

उद्या पहाटे निघायचं. बाहेर जायचं म्हटलं तर पाय नको म्हणाले. वहीत एक पान उरलं होतं आणि पहिल्या रविवारी अर्धवट सोडलेली बॅक ग्रीन होती. खिडकीत बसलो. समोरच्या इमारतींच्या पाठीला कुणी सजवलेलं नाही, पाइप आडवेतिडवे, वेगवेगळ्या काळी लावलेल्या खिडक्या, कुणाची चादर, कुणाची सायकल बाल्कनी नसल्यामुळे खिडकीलाच बांधलेली. इथे मला काही मोजावंसं वाटलं नाही आणि रेघा आपोआप आल्या. साडेनऊ झाले तरी उजेड, दगड शेवटच्या उन्हात पिवळा, तोच नॅस्मिथचा पिवळा, पाचेक मिनिटं. तेवढ्यात ऑकर टाकून घेतला.

ताईला म्हटलं यातलं एक चित्र तुझं, निवड. मला वाटलं खांबवालं घेईल, छत्री तिनेच धरली होती. तिने सगळी वही चाळली, काउगेटपाशी थांबली, कमानीवरून एक बोट फिरवलं, पुढे गेली. आणि शेवटचं पान काढून मागितलं. म्हणाली गेली नऊ वर्षं भांडी घासताना मी हेच बघते.

मग चष्मा लावून जवळ नेलं.

"धुराड्यावर अकरा आहेत. तू नऊच काढलीस."

मी उठून बघितलं. अकरा. दाजी सोफ्यावरून म्हणाले, "अकराच आहेत, मी सांगितलं होतं." पेन पॅक झाला होता, रिकामा करून, धुऊन, यावेळी नीट. पुन्हा काढला, भरला. जागा नव्हती म्हणून दोन नळकांडी जरा दाटीवाटीने बसवली. ताई खांद्यावरून बघत होती, दुसरं जरा डावीकडे कललंय म्हणाली, खरंच कललेलं आहे तिथेही. ते होईपर्यंत भाचीबाईंनी खाली हिरवळीवर, कपड्यांच्या खांबाला बांधलेला एक कुत्रा काढून ठेवला होता. तिथे कुत्रा नव्हता. शाई वाळेना म्हणून चित्र रात्रभर पुलीवर, दाजींच्या मोज्यांच्या शेजारी चिमटा लावून.